तिथी, पाणी आणि गरी

गरवून आलेल्या माणसाला रस्त्यात कुणी भेटलं की पहिला प्रश्न येतो, "काय लागलं?" दुसरा येतो, "कशावर लागलं?" मग कोळंबी की बोयचं पिल्लू, ल्युअर असेल तर कुठल्या रंगाचा, कुठल्या कंपनीचा, अशी चौकशी लांबत जाते. मासा लागला तेव्हा पाणी आत येत होतं की बाहेर जात होतं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. या पुस्तकाचा बराचसा भाग त्या राहून गेलेल्या प्रश्नावर खर्च झाला आहे. रॉड, रीळ, तंगूस, गाठी यांची प्रकरणं पुढे आहेत आणि ती उपयोगाची आहेत. पण चुकीच्या वेळी बरोबर ल्युअर टाकणाऱ्यापेक्षा बरोबर वेळी साधी कोळंबी टाकणारा जास्त मासे पाहतो, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं.

विषयाची हद्द आखून घेऊ. हे पुस्तक किनाऱ्यालगतच्या खाऱ्या आणि मचूळ पाण्याचं आहे. डहाणूपासून तेरेखोलपर्यंतच्या खाड्या, त्यांची तोंडं, पुळणी, खडपं, जेट्या आणि पुढे गोव्यातल्या मांडवी-जुवारीसारख्या नद्यांचे खालचे टप्पे. बोटीने खोल दर्यात जाऊन सुरमई-टुना धरण्याचा खेळ वेगळा, खर्च वेगळा आणि पुस्तकही वेगळं. आपले मासे म्हणजे जिताडा (सिंधुदुर्ग-गोव्याकडे चोणक), तांब, रावस, हेकरू ऊर्फ गोबरा आणि खडपाशी येणाऱ्या ट्रेव्हली. हे सगळे शिकारी. जिवंत, हलत्या भक्ष्यामागे धावणारे, आणि गळ लागल्यावर सहजासहजी हार न मानणारे. २०२३ साली राज्यमासा म्हणून ज्याला मान मिळाला तो पापलेट आपल्या कामाचा नाही. तो जाळ्यात येतो. गरीची त्याला फारशी फिकीर नसते.

गरवण्यावर इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलं आहे आणि आपल्या देशातही ते आज सुरू झालेलं नाही. मद्रास इलाख्यातल्या हेन्री सुलिव्हन थॉमस या मुलकी अधिकाऱ्याचं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ सालचं. ते गाजलं मात्र महसीरमुळे. डोंगरातल्या नद्यांच्या त्या माशाला जी प्रतिष्ठा मिळाली ती खाडीतल्या जिताड्याला मिळाली नाही. खाडीतलं गरवणं हे कोळी-गाबितांच्या आणि काठावरच्या गावकऱ्यांच्या हातातलं, दोरीच्या बोटभर ताणावर चालणारं ज्ञान राहिलं. गेल्या काही वर्षांत तरुण पोरांच्या हातात कार्बनचे रॉड आणि रंगीत ल्युअर आले आणि त्यांच्याबरोबर फोनवरून ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतला उपदेशही आला. त्या उपदेशाशी माझं भांडण नाही. तो ज्या किनाऱ्यासाठी दिलेला आहे तिथे तो बरोबरच असेल. पण त्यातलं एक वाक्य आपल्याकडे हमखास फसवतं: पहाटेची वेळ आणि मोठी भरती एकत्र गाठा.

ती आपल्याकडे एकत्र गाठताच येत नाही. का, ते नीट पाहू, कारण सगळ्या पुस्तकाची किल्ली इथे आहे.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांकडे भरतीची वेळ काढण्याचा एक हिशेब असतो. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची. आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढेमागे भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, दुपारी आणि मध्यरात्री. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. मुंबईसाठी तो बऱ्यापैकी जमतो, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. भरतीची लाट पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत येत असल्याने गोव्या-मालवणात ती मुंबईच्या आधी होते. शिवाय खाडीत जितकं आत जाल तितका उशीर. छापील वेळापत्रकं आहेतच. मुंबईत अपोलो बंदरावर भरतीची नोंद १८७८ पासून ठेवली गेली आहे. तरी पाऊणपटीचा हिशेब डोक्यात असलेला चांगला, कारण पुढच्या महिन्यातला रविवार कसा जाईल हे तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून सांगतो.

आता त्या हिशेबातून निघणारी गोष्ट. मोठ्या पाण्याची, म्हणजे उधाणाची भरती पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास येते आणि ती कायम दुपारी-मध्यरात्री येते. त्या दिवशी पहाटे सहाला खाडी ओस पडलेली असते, चिखल उघडा, पाणी जवळजवळ थांबलेलं. उलट ज्या दिवशी पहाटे सहाला काठोकाठ पाणी दिसतं तो दिवस अष्टमीच्या आगेमागचा, म्हणजे भांगाचा. पाणी चढलेलं असतं, पण त्याला जोर नसतो. चंद्राची तिथी आणि घड्याळातली वेळ यांची गाठ आपल्या किनाऱ्यावर अशी पक्की बसलेली आहे. उधाणाची भरती आणि सूर्योदय या दोघांची भेट होत नाही. वर्षभर वाट पाहिली तरी होत नाही.

मग करायचं काय? पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटी दोन्ही सोडून द्यायच्या. शिकारी माशाला पाण्याच्या उंचीपेक्षा पाण्याचं चालणं जास्त महत्त्वाचं. पाणी थांबलं की कोळंबी आणि बारीक मासळी मोकळी फिरते, मनाला येईल तिथे जाते. पाणी चाललं की ती ओढीबरोबर वाहते, ठरावीक चिंचोळ्या जागांमधून जाते, आणि तिथे आडोशाला, धारेकडे तोंड करून उभा असलेला जिताडा फारसे कष्ट न घेता जेवतो. म्हणजे आपल्याला पहाटेचा किंवा तिन्हीसांजेचा अंधुक उजेड आणि चालतं पाणी यांची जोडी हवी. ती दोन ठिकाणी सापडते. एकादशी ते त्रयोदशी या दिवसांत भरती सकाळी सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान पूर्ण होते, म्हणजे उजाडताना पाणी जोरात चढत असतं. पाण्याचं मानही रोज वाढत असतं. तृतीया ते पंचमीला भरती पहाटेच्या आधीच, सव्वादोन ते पावणेचारला होऊन गेलेली असते. उजाडताना ओहोटी ऐन भरात असते आणि उधाणाचा जोर अजून पुरता ओसरलेला नसतो. खरं तर सर्वांत मोठं पाणी पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशी न येता एक-दोन दिवसांनी येतं, त्यामुळे द्वितीया-तृतीया फार ताकदीच्या. याच दोन गटांत संध्याकाळीही तसंच पाणी मिळतं.

मी स्वतः खाडीसाठी दुसरा गट निवडतो आणि पुळणीसाठी पहिला. याची कारणं पुढे येतील.

पौर्णिमा आणि अमावास्या पाण्याला सारख्या असल्या तरी माशाला सारख्या नाहीत. चांदण्या रात्री मासा उघड्यावर फिरतो, विखुरलेला असतो. अंधाऱ्या रात्री पुलाच्या दिव्याखाली उजेड-सावलीची जी रेघ पाण्यावर पडते, तिच्या सावलीकडच्या बाजूला तो दबा धरतो. आणखी एक बारकावा: दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी, हिवाळ्यात रात्रीची. डिसेंबर-जानेवारीत दुपारचं उधाण पाहून "काही खास नाही" म्हणणाऱ्याने त्याच मध्यरात्री पाणी कुठवर आलं होतं ते सकाळी काठावरच्या ओल्या रेषेवरून पाहावं.

उत्तर आणि दक्षिण कोकण एकाच मापाने मोजू नये. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. मालवण-गोव्याकडे तो दोन मीटरच्या आतबाहेर. म्हणून ठाणे-धरमतरच्या खाड्यांमध्ये पाणी अंगावर येतं, गाळ ढवळतो आणि पाणी बहुतेक काळ चहाच्या रंगाचं असतं. तिथे भांगाच्या दिवसांतही गरवता येतं, उलट पाणी जरा निवळल्याने कधीकधी बरंच गरवता येतं. दक्षिणेत मात्र भांग म्हणजे मरगळ. कर्लीच्या किंवा तेरेखोलच्या खाडीत अष्टमीला पाणी हललं की नाही हे बघायला काठावर काटकी रोवून ठेवावी लागते. एकाच पुस्तकातला सल्ला अलिबागकर आणि देवगडकर दोघांनी शब्दशः पाळला तर एकाचं नुकसान नक्की.

आता जागा. खाडीतल्या जागांवर या पुस्तकात चार प्रकरणं आहेत: पुलाचे खांब, वळणाची खोल बाजू, कांदळवनातले ओहोळ, बेटांची टोकं. त्या चारांबाहेरची एकच जागा इथे जरा जवळून दाखवतो, कारण ती समजली की बाकीच्या आपोआप समजतात. ती जागा म्हणजे उघाडी.

रायगडातल्या खारभूमीच्या बांधांना जी झडपेची दारं असतात त्यांना उघाडी म्हणतात. गोव्यात खाजणाच्या बांधाला तशीच मानस असते. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा झडप मिटते आणि शेतात खारं पाणी शिरत नाही. ओहोटी लागली, बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली, की आतल्या पाण्याच्या रेट्याने झडप आपोआप उघडते. सुरुवातीला नुसती एक पातळ धार सुटते. तेवढ्यात तिथे काही नसतं, लोक कंटाळून परत फिरतात. मग धार जाड होते, तिचा फेस होतो, आणि बांधाच्या पायथ्याशी पाण्याने वर्षानुवर्षं खणलेल्या डोहात ती गरगरत शिरते. आतल्या खाचरांतली कोळंबी, बारीक बोय, काळुंद्रांची पिल्लं त्या धारेबरोबर उलटीसुलटी होत बाहेर पडतात. डोहाच्या दोन्ही कडांना, जिथे धारेचं धावतं पाणी आणि बाजूचं संथ पाणी यांची शिवण दिसते, तिथे जिताडा उभा राहतो. धारेत राहत नाही, कारण तिथे पोहण्यात ताकद जाते. संथ पाण्यात राहून तो धारेकडे तोंड करतो आणि समोरून काही गेलं की जबडा एकदम उघडून पाण्यासकट ओढून घेतो. पृष्ठभागाजवळ असेल तर "ठप्प" असा पोकळ आवाज येतो. अंधारात एकदा तो आवाज ऐकलेला माणूस पुढे घरी लवकर जात नाही.

इथे नवखा माणूस बांधावर अगदी दाराच्या डोक्यावर उभा राहतो आणि ल्युअर खाली धारेत सोडून आपल्याकडे, म्हणजे प्रवाहाच्या उलट ओढतो. उलट्या ओढीत पोहणारी कोळंबी कुठल्याही जिताड्याने पाहिलेली नसते. बाजूला, खालच्या अंगाला उभं राहावं. वरच्या दिशेला, दाराजवळ टाकावं. धारेला ल्युअर वाहू द्यावा आणि रीळ फक्त सैल झालेली दोरी गोळा करण्यापुरतं फिरवावं. ल्युअर शिवणीवरून संथ पाण्यात उतरतो तो क्षण महत्त्वाचा. ऐंशी टक्के वेळा माशाची झडप तिथे किंवा कुठेच नाही. (हा आकडा मोजलेला नाही, बोलण्याची रीत समजा.) जिवंत कोळंबीलाही हेच लागू. शिसं जितकं हलकं चालेल तितकं हलकं लावावं, आमिष तळाला बांधून ठेवू नये.

एक व्यवहाराची गोष्ट. उघाडी किंवा मानस ही कुणाची तरी असते. गोव्यात मानशीवरच्या मासेमारीच्या हक्काचा लिलाव होतो आणि तो घेणाऱ्याने पैसे मोजलेले असतात. ओहोटीला दाराच्या तोंडाशी जाळं लावण्याचा हक्क त्याचा. तिथे न विचारता रॉड घेऊन उभं राहणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतात शिरून भाजी तोडणं. विचारलं तर बहुधा "या, बसा" म्हणतात आणि वर मासा कुठल्या कडेला लागतो तेही सांगतात.

जिताडा धरण्याची दोन-तीन यांत्रिक सत्यं इथेच नोंदवतो. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. उसळी मारून डोकं झटकताना ती दोरीवरून फिरते, म्हणून ब्रेडेड दोरीच्या पुढे हात-दोन हात जाड, घासायला चिवट अशी तंगूस हवीच. आणि उचलताना बोटं कल्ल्यात घालू नयेत. तो उडी घेईल तेव्हा रॉड खाली घ्यावा, वर नव्हे. तांब याच्या उलट. ती उडत बसत नाही. मुळांच्या जाळीतून किंवा पुलाच्या खांबामागून बाणासारखी येते, आमिष घेते आणि त्याच वेगाने घरात परतते. झटका जाणवून तुम्ही सावध होईपर्यंत दोरी कालवांवर घासून तुटलेली असते. तांबेसाठी रिळाचा ड्रॅग आधीच घट्ट करून ठेवावा आणि पहिल्या दोन सेकंदांत एक वीतही दोरी देऊ नये. सभ्यपणा जिताड्याशी, तांबेशी दांडगाई. खाडीत सापडणारी तांब बहुतेक वयाने लहान असते. मोठी झाली की ती बाहेरच्या खडकांकडे निघून जाते. त्यामुळे खाडीतली दोन किलोची तांब हा सन्मान समजावा.

पुळणीवरचा राजा रावस. समुद्राकडे तोंड करून पाच मिनिटं नुसतं बघणं हा तिथला पहिला डाव. लाटा सगळीकडे सारख्या फुटत नाहीत. बाहेर एका रांगेत पांढरा फेस दिसतो, तिथे वाळूचा दांडा. किनाऱ्याजवळ दुसरी रांग फुटते. या दोहोंच्या मधली गडद, कमी फेसाची पट्टी म्हणजे पाट. भरती चढू लागली की बारीक मासळी आणि कोळंबी या पाटातून पुढे सरकतात आणि रावस त्यांच्यामागे येतो, कधीकधी गुडघाभर पाण्यात. म्हणूनच पुळणीला चढतं पाणी, म्हणजे एकादशीनंतरच्या पहाटा. बाहेरच्या दांड्यात जिथे खिंड असते, जिथून किनाऱ्यावर आलेलं पाणी परत समुद्रात पळतं, ती खिंड सापडली तर दुसरीकडे हलायचं कारण नाही. पोहायला मात्र तीच जागा जिवावर बेतणारी.

रावसाच्या डोळ्यावर चरबीचं पातळ आवरण असतं आणि गळ्याखाली चार लांब तंतू. गढूळ, फेसाळ पाण्यात तो त्या तंतूंनी तळ चाचपत जातो. म्हणून काचेसारखं स्वच्छ पाणी बघून खूश होणारा माणूस पुळणीवर फसतो. थोडं ढवळलेलं, हिरवट-मातकट पाणी रावसाला मानवतं. आणि पन्नास-साठ मीटर लांब फेकण्याची जी हौस सगळ्यांना असते तिचा इथे काही उपयोग नाही. बऱ्याच वेळा मासा आपल्या ल्युअरच्या आणि आपल्या पायांच्या मध्ये असतो.

खडपांवर वाऱ्याचा हिशेब वाढतो. पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, समुद्र सपाट, ल्युअर लांब जातो. उन्हं चढली की खारा वारा सुरू होतो. मार्च ते मे या काळात दुपारनंतर तो वायव्येकडून इतका भरतो की हलका ल्युअर मागेच यावा. थोडी लाट आणि खडकाभोवती पांढरं पाणी असेल तर ट्रेव्हली त्या फेसाच्या आडून शिकार करतात. पृष्ठभागावर खळबळ करणारा पॉपर त्यांना चिडवतो. हेकरू मात्र खडकाच्या घळीतून हलत नाही; त्याच्यासाठी आमिष घळीच्या तोंडाशी न्यावं लागतं आणि लागल्यावर तांबेसारखीच दांडगाई करावी लागते.

खडपावर माणसं दगावतात, आणि दरवर्षी दगावतात. वादळ दिसत असेल तर कुणी तिथे जात नाही. घात शांत दिवशी होतो. हजारो किलोमीटर दूर, हिंदी महासागराच्या दक्षिणेकडे उठलेली लांब उफाळी इथे निरभ्र आकाशाखाली येऊन पोचते. दहा-पंधरा मिनिटं काही घडत नाही आणि मग तीन-चार लाटा आधीच्या सगळ्या लाटांहून वर चढतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा लाटांचे इशारे देते, ते बघावेत. आणि खडपावर उतरण्याआधी वीस मिनिटं वर बसून राहावं. कातळ कुठवर ओला होतो ते बघावं, त्याच्याही वर उभं राहावं. परतीची वाट भरतीत बुडणारी असेल तर तिथे जाऊच नये, मासा कितीही असो. शिंगाळा गळाला लागला तर त्याच्या काट्यांना हात लावू नये. काटा रुतलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास हात-पाय बुडवून ठेवल्यास वेदना उतरतात, त्यानंतर डॉक्टर. ढगांचा गडगडाट ऐकू आला की कार्बनचा रॉड खाली ठेवावा. उंच, टोकदार आणि वीज वाहून नेणारी वस्तू हातात धरून उघड्या कातळावर उभं राहण्याचं काही कारण नाही.

ऋतूंबद्दल थोडक्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्याच सुमारास जिताडा विणीसाठी खाडीच्या तोंडाकडे उतरतो आणि पुढे त्याची पिल्लं पावसाच्या पाण्याबरोबर खाजणांत, खाचरांत शिरतात. नारळी पौर्णिमेनंतर पाऊस ओसरतो, खाडीच्या वरच्या अंगाचं गोडं पाणी हळूहळू खारं होत जातं, आणि मासा ती मचूळ सीमारेषा धरून वर सरकतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एक विचित्र प्रकार घडतो. आपल्या किनाऱ्यालगत, विशेषतः दक्षिणेकडे, तळाच्या पाण्यात प्राणवायू फार कमी होतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे नोंदवलं आहे. वरून समुद्र निळा आणि देखणा दिसतो आणि तळाला मात्र काहीच लागत नाही. अशा वेळी उथळ, लाटांनी घुसळलेल्या पाण्यात किंवा खाडीतच राहावं. थंडीत जिताडा मंदावतो, ल्युअर त्याच्या नाकासमोरून सावकाश न्यावा लागतो. रावसाचे मात्र तेव्हा चांगले दिवस असतात. एप्रिल-मे, आगोटीच्या आधीचा काळ, जिताडा-तांबेसाठी पुन्हा उत्तम.

मासा सोडून देण्याबद्दल मी फार उपदेश करत नाही. मी मासे खातो आणि आवडीने खातो. पण एक माहिती असावी. जिताडा जन्मतः नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर त्याची मादी होते. रावसाचंही तसंच. म्हणजे फोटोत हवा असतो तो सर्वांत मोठा मासा जवळजवळ नक्की मादी, पोटात लाखो अंडी वागवणारी. मधल्या मापाचा न्यावा, फार लहान आणि फार मोठा सोडावा, हा माझा नियम आहे. महाराष्ट्राने २०२३ साली ५४ प्रकारच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला आहे; लहान माशाबद्दल कायदाही तेच सांगतो. मोठा मासा सोडायचा असेल तर त्याला जबड्याला धरून उभा लटकवू नये, पोटाखाली हात द्यावा, पाण्याजवळच फोटो काढावा. न्यायचा असेल तर तडफडत ठेवू नये. लगेच मारून, कल्ले कापून रक्त काढून बर्फात घालावा. चवीतला फरक घरचे सांगतील. महाकाय हेकरू आणि करवत मासा यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. चुकून लागले तर दोरी कापून सोडावेत.

पुस्तकाच्या शेवटी तिथीवार तक्ते दिले आहेत. त्यांतल्या वेळा मुंबईच्या आहेत, आणि त्या आपल्या खाडीला जशाच्या तशा लागू करू नयेत. आपल्या जागेची दुरुस्ती काढणं अवघड नाही. उधाणाच्या दिवशी जेटीच्या खांबावर खडूने खूण करत बसावं आणि पाणी चढायचं थांबलं ती वेळ लिहून घ्यावी. त्याच वेळी मधल्या धारेत एक सुकं पान सोडावं. बऱ्याच खाड्यांत काठावर पाणी उतरू लागलं तरी मधली धार काही वेळ आतच चाललेली असते, आणि पान ते दाखवतं. या दोन वेगळ्या वेळा आहेत आणि गरवणाऱ्याला दुसरी जास्त उपयोगाची. भांगाच्या दिवशी हेच पुन्हा करावं, कारण तेव्हाचा उशीर उधाणाच्या उशिराइतका असेलच असं नाही. तक्त्याच्या प्रत्येक पानावर उजवीकडे रिकामा रकाना सोडला आहे तो या नोंदींसाठी. पेन्सिलनेच लिहावं. पुढच्या पावसाळ्यात वाळूचा दांडा सरकला, कुणी नवा बंधारा घातला किंवा वर कुठे वाळू उपसली, की आकडे बदलतात आणि पुन्हा खडू घेऊन बसावं लागतं.